पत्र्याची खोली

“तेवढं तर झालं!” असं म्हणून बाई पदरानं तोंड पुसायच्या. समोरच्याच्या ओठांवर आलेली तक्रार मग तिथंच विरून जायची.

मी शिरूरच्या एका प्राथमिक शाळेत मुख्याध्यापक होतो, तेव्हाची ही गोष्ट. पन्नास सालानंतरचे ते दिवस. बाई तिसरीला शिकवायच्या. मिशनच्या वसतिगृहात वाढलेल्या. नवरा सुतार. लकव्यानं त्याची उजवी बाजू गेली आणि तो खाटेला खिळला. मूलबाळ नव्हतं.

आमचे सगळे वर्ग मुख्य इमारतीत भरत. एकच वर्ग तेवढा गावाच्या दुसऱ्या टोकाला, बाजारतळाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत. दर जूनला ती खोली कुणाच्या माथी मारायची हा प्रश्न यायचा आणि दर जूनला मी ती बाईंना द्यायचो. बाकीच्यांनी आठ-आठ दिवस भुणभुण लावली असती.

एकदा भर पावसात मी त्या वर्गावर गेलो. पत्रा ताशासारखा वाजत होता आणि मुलं मुकाट्यानं पाढे लिहीत होती.

“कायबी ऐकू येत न्हाई, गुरुजी!” बाई ओरडून म्हणाल्या. “घशाला सुट्टी मिळाली, तेवढं तर झालं!”

पाऊस नाही आला त्या वर्षी रेशनवर लाल मिलो, परदेशी ज्वारी, मिळायची. शनिवारी शाळा सुटल्यावर सगळे शिक्षक एकत्र बसत आणि त्या भाकरीचा उद्धार करत. एकदा बाईंनी डबा उघडला, भाकरीकडे निरखून पाहिलं. “ताटाला रंग तर आला,” म्हणाल्या. आम्ही पोट धरून हसलो.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांचं तोंडभर कौतुक करतो आणि पंगतीत त्यांनाच शेवटी वाढतो.

एका जूनमध्ये बाई पहिल्यांदाच काही मागायला आल्या. बसल्यासुद्धा नाहीत.

“गुरुजी, यंदा इमारतीतली एखादी खोली मिळंल का? घर समोरच हाय. मधल्या सुट्टीत ह्यांना पाणी पाजून येता येईल. दिवसभर एकटेच असत्यात.”

“बघतो,” मी म्हणालो.

बघितलं नाही. नवे बदलून आलेले एक मास्तर, पत्र्याखाली उन्हानं डोकं चढेल म्हणून, रोज माझ्या टेबलाशी येऊन बसत. एकाच्या बदलीनं इमारतीत रिकामी झालेली खोली मी त्यांना दिली. बाईंना सांगताना मान वर केली नाही.

“असू द्या,” त्या म्हणाल्या. “शेजारीण बघंल.”

मार्चमधल्या एका दुपारी शेजारीण बाजाराला गेली होती. शाळा सुटल्यावर बाई घरी आल्या, तेव्हा नवरा खाटेवरून खाली पडलेला होता. शेजारी तांब्या कलंडला होता. जीव कधीच गेला होता.

मी पोहोचलो तेव्हा बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून उठू लागल्या.

“सकाळी माझ्या हातची पेज खाल्ली त्यांनी,” एवढंच बोलल्या.

खोटं कशाला सांगू? मी त्यांच्या त्या नेहमीच्या वाक्याची वाट पाहत होतो. ते ऐकलं असतं तर मी सुटलो असतो. बाई ते बोलल्या नाहीत.

पुढच्या जूनला इमारतीतली, त्यांच्या घरासमोरची खोली मी बाईंना दिली. मधल्या सुट्टीत जवळ राहणारे शिक्षक घरी जाऊन येत. बाई खुर्चीतच बसून राहायच्या. खिडकीतून त्यांच्या दाराचं कुलूप दिसायचं.

दोन वर्षांनी निवृत्त होऊन त्या दौंडला भाचीकडे राहायला गेल्या. पुढं बऱ्याच वर्षांनी मी एसटीनं दौंड गाठलं. माफी मागायचीच असं ठरवून निघालो होतो आणि वाटभर वाक्यं जुळवत होतो. बाईंची नजर गेली होती, पण आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

“बाई, त्या खोलीचं मला...” मी सुरुवात केली.

“व्हय, व्हय!” त्यांनी मला पुढं बोलूच दिलं नाही. भाचीकडे तोंड वळवून म्हणाल्या, “अगं, शेवटची दोन वर्षं मला उजेडाची खोली दिली ह्यांनी. न मागता!”

भाचीनं आदरानं माझ्याकडे पाहिलं आणि चहाचा कप पुढं केला. मी तो बशीत ओतून प्यालो. मग हवापाण्याचं बोललो आणि परतीच्या एसटीला आलो.

त्याच वर्षी थंडीत बाई गेल्या.