बंद घरांपुढची रांगोळी

तुमच्या घराला कुलूप आहे आणि आत कोणी नाही, ही बातमी चोराला कोण देतं असं तुम्हाला वाटतं? उत्तर देण्याआधी डोळ्यांपुढे कुणाचा चेहरा आला तेवढा लक्षात ठेवा. भांडी घासणारी असेल, दूध घालणारा असेल, शेजारच्या बांधकामावरचा गवंडी असेल. आमच्या कॉलनीच्या डोळ्यांपुढेही असाच एक चेहरा आला. तो कुणाचा, हे मी सांगणार आहे.

आमची कॉलनी हुबळी-धारवाडच्या मधल्या नवनगरच्या पलीकडे, हमरस्त्यापासून थोडी आत आहे. शिक्षक, सरकारी नोकर, पेन्शनर अशी वस्ती. कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष एक वकील आहेत, आम्ही त्यांना वकीलकाका म्हणतो. माझी आई हायस्कूलात शिकवते, म्हणून कानडी काय आणि मराठी काय, सगळे तिला टीचर म्हणतात. माझे वडील, अप्पा, होते तोवर कामगारांची पत्रकं लिहायचे आणि छापायला देण्याआधी आई ती तपासायची. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. अन्याय, एकजूट, जाब हे शब्द मला कमळ आणि बदकाच्या आधी आले.

मागच्या उन्हाळ्यात सुट्टीला गावी गेलेल्यांची एकदोन घरं फुटली. मग पोलीस आले, देवळाच्या कट्ट्यावर बैठक झाली. त्यांच्यातला एकजण म्हणाला की ज्या दारात सकाळी पाणी पडलेलं नाही, रांगोळी नाही, ते दार चोर मोटारसायकलवरून जाता जाता ओळखतो. बायकांनी माना डोलावल्या. एवढं सोपं आहे होय, असं सगळ्यांना वाटलं.

आमच्याकडे आणि आसपासच्या घरांत कामाला येणारी बाई होती. अळणावरकडच्या खेड्यातली, रायापूरला भाड्याच्या खोलीत राहणारी, आमच्यासारखीच घरी मराठी बोलणारी. वयाने आईहून मोठी, पण सगळ्यांची अक्का. कमिटीने ठरवलं की ज्या घराला कुलूप असेल त्याच्या दारात अक्काने सकाळी पाणी मारायचं आणि रांगोळी घालायची. जाताना प्रत्येकजण तिला सांगून जाऊ लागला. ती हौसेने करायची. ज्या घरी जशी रांगोळी पडते तशीच घालायची, कुठे ठिपक्यांची, कुठे नुसती चार बोटं ओढलेली. वकीलकाका सगळ्यांना सांगत सुटले की आमच्या कॉलनीची आयडिया बघून घ्या. त्याच सुमारास त्यांनी कोपऱ्यावर कॅमेराही बसवून घेतला.

थंडीच्या तोंडावर आमच्या समोरच्या घरातले नवरा-बायको घाईने गावी गेले. नवऱ्याची आई गावी वारली होती. वकीलकाकांनी त्याच दिवशी कोपऱ्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. मधोमध म्हातारीचा फोटो, खाली मुलाचं नाव, घर नंबर, उत्तरक्रिया कुठल्या गावी आणि कधी ते ठळक अक्षरात, आणि तळाशी कमिटीची मंडळी हात जोडून. म्हातारीपेक्षा वकीलकाकांचाच फोटो जरा स्वच्छ आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का रांगोळीचा डबा घेऊन आमच्या फाटकाशी थांबली. मी अंगणातल्या नळावर दात घासत होते. आई शाळेला निघाली होती. वकीलकाका फिरून परत येत होते. अक्काने विचारलं की समोर घालू का.

"सुतकात रांगोळी घालतात का कुणी?" आई म्हणाली. "पाणीसुद्धा मारू नकोस. बघणारे काय म्हणतील?"

"बाई, चोराला कुठलं आलंय सुतक?"

"आपल्याला आहे ना."

वकीलकाका थांबले, मान हलवून म्हणाले, "टीचर बरोबर सांगतायत. होग्ली बिडु, अक्का, राहू दे ते. ते आले की बघू." मग ते चहाला गेले, आई बसला गेली आणि अक्का डबा घेऊन पुढच्या गल्लीत गेली. समोरचं दार कोरडं राहिलं. सकाळमागून सकाळ तसंच राहिलं.

ते लोक क्रिया आटोपून आले तेव्हा मागच्या दाराची कडी उचकटलेली होती आणि कपाट पालथं पडलं होतं. त्या बाई उंबऱ्यातच बसल्या. सासूच्या पाटल्या गेल्या म्हणून रडत होत्या की सासू गेली म्हणून, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. इथवर मला सगळ्यांची दया येत होती. त्यानंतर मला कुणाची दया आलेली नाही.

रविवारी पुन्हा कट्ट्यावर बैठक झाली. अक्काला बोलावून घेतलं आणि उभं ठेवलं. खुर्च्या होत्या. एकाने विचारलं की सगळ्या बंद दारांत रांगोळी घालतेस, मग नेमकी हीच घालायची कशी राहिली. दुसरा म्हणाला, राहिली कसली, ती खूणच होती. कुणीतरी हसलं. अक्काने आधी आईकडे आणि मग वकीलकाकांकडे पाहिलं. तिला वाटलं आता कुणीतरी बोलेल. मलाही वाटलं.

कुणी बोलत नाही म्हणून मी उठले. आईने घालू नको म्हणून सांगितलं, काकांनी त्याला दुजोरा दिला, मी तिथेच होते, एवढंच मी सांगितलं.

वकीलकाकांना राग आला नाही. ते कोर्टात बोलतात तसं सावकाश बोलले. "तू काय करत होतीस गं तेव्हा?"

"दात घासत होते."

"म्हणजे नळ चालू. तोंडात फेस. आणि ऐकलंस मात्र सगळं." लोक हसले. ते आईकडे वळले. "टीचर, तुम्ही असं काही म्हणालात काय?"

आई स्वतःच्या चपलांकडे बघत होती. त्या चपला मला अजून दिसतात. तपकिरी, डाव्या पायाचा पट्टा शिवलेला.

"मला आठवत नाही," आई म्हणाली.

अक्का तिच्याकडे बघत राहिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा साध्या आवाजात म्हणाली, "बाईंच्या शाळेत लई पोरं असत्यात. कशाकशाचं ध्यान ठेवतील."

तेवढ्यावर बैठक संपायला हवी होती. ती संपली नाही. अक्काला यापुढे कामाला येऊ नकोस म्हणून सांगून झालं, ती खाली मान घालून निघून गेली, आणि मग कमिटीला वाटलं की इतर कॉलन्यांनाही सावध केलं पाहिजे. फोटो कुठून आणायचा? कॅमेरा होताच. एका बंद घराच्या दारात अक्का ओणवी होऊन रांगोळी घालते आहे, चौकड्याचं लुगडं, बाजूला स्टीलचा डबा, चेहरा अर्धा वळलेला, असं एक चित्र त्यातून काढलं. खाली मजकूर घातला की बंद घरांसमोर घुटमळणाऱ्या या बाईपासून सावध राहा. तिला ज्यांनी त्या दारात ओणवं केलं त्यांनीच तो मजकूर लिहिला. रांगोळी घातली नाही म्हणून ती चोर, आणि घातलेली दिसते म्हणूनही ती चोर.

मजकूर कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी वकीलकाकांनी तो आईला पाठवला. आईने जेवणाच्या टेबलावर चष्मा लावला, अप्पांची पत्रकं तपासायची तसा तो तपासला, एक वाक्य सुटसुटीत केलं आणि परत पाठवला. मी समोर बसले होते. मी विचारलं की हे तू काय करते आहेस. ती म्हणाली, मला या लोकांतच राहायचं आहे, तुझ्यासारखं उद्या पुण्याला निघून जायचं नाही. आमटी निवते आहे, जेव.

फोटो नवनगरात फिरला, रायापूरला गेला. तिथल्या घरमालकाने अक्काला खोली सोडायला सांगितलं. केलगेरीला एका अपार्टमेंटमध्ये तिला काम मिळणार होतं. तिथल्या वॉचमनने फोन तिच्या तोंडाशेजारी धरला, एकदा फोनकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं, आणि गेट उघडलं नाही.

पुढे चोर सापडले. दुसऱ्या जिल्ह्यातली टोळी होती. जप्तीच्या मालात पाटल्याही निघाल्या. त्या ओळखायला गेलेल्या आमच्या शेजाऱ्यांना पोलिसाने हसत सांगितलं की त्यांनी दारं बघितलीच नाहीत, कोपऱ्यावरचा फ्लेक्स वाचला. घर कुठलं, माणसं कुठल्या गावी गेली, कधीपर्यंत येणार नाहीत, सगळं लिहिलेलं होतं. कमिटीचे हात जोडलेले होते.

मी त्याच संध्याकाळी वकीलकाकांकडे गेले आणि फोटो काढून टाका, खुलासा पाठवा, असं म्हटलं. ते म्हणाले, आता शिळ्या कढीला ऊत कशाला, आणि खबरदारी म्हणून फोटो राहिला तर बिघडतं कुठे. मी ग्रुपवर स्वतः खुलासा लिहिला. तो कमिटीने पुसला आणि मलाही काढून टाकलं. आई अजून त्या ग्रुपवर आहे.

आता बंद घरांच्या दारात प्लास्टिकची रांगोळी चिकटवलेली असते. कमिटीने सगळ्यांसाठी एकदमच मागवली. गेल्या महिन्यात कॉलनीत आणखी एक मयत झाली. त्या दारातली रांगोळी निघेना म्हणून ती तशीच ठेवली. तिच्यावरूनच तिरडी गेली. बघणारे काही म्हणाले नाहीत.

अक्काला मी तिच्या गावी जाऊन भेटले. ती उसाच्या फडात मोळ्या बांधत होती. मी पत्रक काढीन, पोलिसांत अर्ज देईन, त्यांना तुझी माफी मागायला लावीन, असं बरंच बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग हात लुगड्याला पुसत म्हणाली, "माफी घेऊन काय करू, पोरी? तेवढा फोटो पुसाय लाव. माझ्या नातीला परवा कुणीतरी दाखवला."

तेवढंच मागायला मी हे लिहिलं. हुबळी-धारवाडच्या कुठल्याही कॉलनीच्या ग्रुपवर तुम्ही असाल तर आज जुन्या मेसेजांत मागे जाऊन बघा. चौकड्याचं लुगडं, स्टीलचा डबा, ओणवी बाई. सापडला तर पुसा. पण नुसता पुसू नका, कारण तो दुसऱ्याच्या फोनमध्ये राहतो. आधी त्याच्याखाली लिहा की ही बाई चोर नाही, ती दुसऱ्यांच्या दारात रांगोळी घालत होती आणि तसं करायला तिला सांगितलेलं होतं. खाली तुमचं नाव घाला. मग ज्याने तो तुम्हाला पाठवला त्याला फोन करून तेच करायला सांगा.