इंगळे काकांचा नकार

टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये टायरच्या दुकानाशेजारी दर शनिवारी सकाळी एक वर्ग भरायचा. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्यांचा. कोर्टाच्या हुकमाने मीही तिथे गेलो, तर पहिल्याच रांगेत पेन्सिलीला टोक करत इंगळे काका बसलेले! आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीचं ताट धरणारे इंगळे काका. मी दारातच थिजलो. त्यांनी मात्र शेजारची खुर्ची सरकवली. "बस रे. पासष्टाव्या वर्षी पुन्हा शाळा. फरक एवढाच, इथे नापास झालं तर आई नाही, जज मारतो."

पाइपलाइनच्या कामात जन्म घालवलेला हा इंजिनिअर वर्गातलं सगळं मराठीत उतरवून घ्यायचा. 'कुठे गेलं की प्यावीशी वाटते?' असं बाईंनी विचारलं, तर यांनी लिहिलं, 'कुलकर्ण्यांकडे जेवायला.' मला हसू आलं. "हसू नको," ते म्हणाले, "आपल्याकडे नको म्हटलं की वाढणारा दोन घास जास्त वाढतो. मी नको म्हणायला शिकलोच नाही."

वर्गाबद्दल मंडळात अवाक्षर काढायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. त्यांची लेक इथलीच, नर्स. तिने बजावलं होतं, "बाबा, फिनिश द क्लास फर्स्ट. देन यू कॅन ड्राइव्ह मीरा." सात वर्षांच्या नातीला स्वतः शाळेत सोडायचं, एवढ्यासाठी म्हातारा जिवाचं रान करत होता.

दोन शनिवार उरले होते. कुलकर्ण्यांच्या साठीचं जेवण होतं. त्यांनी काकांच्या हातात ग्लास दिला.

"नको," काका म्हणाले. चक्क म्हणाले! "गोळ्या चालू आहेत."

"अहो काका, माझी साठी आहे! एवढ्याने काय होतंय? माझी शपथ."

आणखी चारपाच जण आग्रहाला लागले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. 'राहू द्या, त्यांना नकोय,' एवढंच मला म्हणायचं होतं. पण मग माझ्या हातात तरी कोक का, हे कुणीतरी विचारलं असतं. मी मसालेभातावर लिंबू पिळत राहिलो. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

एकाचे चार ग्लास झाले. सोमवारी कोर्टाची लघवीची तपासणी होती, तीत दारू सापडली. काका महिनाभरासाठी तुरुंगात गेले आणि लेकीने त्यांचे फोन घेणं बंद केलं.

ते सुटल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा सकाळी अकरालाच त्यांच्या तोंडाला दारूचा वास येत होता. मी माफी मागितली.

"तुझं काय चुकलं? नको म्हणायचं काम माझं. एकदा म्हटलं होतं मी. ऐकलंस ना?"

"ऐकलं, काका."

"बास. कुणीतरी ऐकलं."

त्याच उन्हाळ्यात यकृताने दगा दिला. शोकसभेत सगळे 'हार्ट अटॅक' म्हणत होते. कुलकर्णी रडत होते. काकांची लेक प्रत्येकाजवळ जाऊन हात हातात घेत होती. माझ्यापाशी आली आणि तिने विचारलं, "हाउ डिड यू नो बाबा?"

मी म्हणालो, "मंडळातून."