कौसाबाईंचा चाचणीचा महिना

संग्रहालयात वस्तू रीतसर नोंद होऊन येतात. किस्से मात्र नोंदीवाचून शिरतात आणि मग हलत नाहीत. शहरातील एका जुन्या कापूस व्यापाऱ्याच्या हवेलीचे कलासंग्रहालय झाले, तेव्हापासून मी तेथे देखरेखीला जाते. मी जुनी मॅट्रिक. शिस्तीचे खाते आपोआप माझ्याकडे आले.

फुलंब्रीकडच्या धनगर कुटुंबातील कौसाबाई झाडलोटीला लागल्या, त्या एका महिन्याच्या चाचणीच्या बोलीवर. पुढे ठेवायचे की नाही, हे माझ्या अहवालावर ठरणार होते. “बाई, तेवढं बरं लिवा,” त्या म्हणाल्या, “पोरीचं कॉलेज हाये.”

पहिल्याच दिवशी त्यांनी उस्मानपुऱ्याच्या एका प्राध्यापकांना दारातच बूट काढायला लावले. हे देऊळ नव्हे, असे मी बजावले.

“देऊळ नाय, पण घर तर हाये की.”

पुढच्या आठवड्यातले ऐका. दिवाणखान्यात हवेलीच्या मूळ मालकाचे, शेठजींचे, तैलचित्र आहे. कौसाबाई त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेत आणि पाठ न दाखवता, उलट्या पावलांनी झाडत बाहेर येत. खुलताबादहून सहलीला आलेल्या मंडळींना तो संग्रहालयाचा कार्यक्रमच वाटला. टाळ्या पडल्या!

शुक्रवारी तर शेठाणीबाईंच्या चित्राच्या काचेवर चक्क कुंकू! जाब विचारला, तर म्हणाल्या, सवाष्णीचं कपाळ मोकळं कसं ठेवायचं, चित्र काढणारा विसरला असंल. मी तणतणत ते पुसले. खाली, चित्रात, खरोखरच कुंकू नव्हते.

महिना संपला त्या दिवशी अहवाल माझ्या पर्समध्ये होता. ‘नियमांची जाण नाही. ठेवू नये.’ सकाळी पाहते तो भिंतीवरची जुनी घोंगडी गायब! आमच्याकडची सर्वांत मोलाची वस्तू. ती सापडली गच्चीवर, कडक उन्हात. कौसाबाई तिच्यावर ओणव्या होऊन काही वेचत होत्या.

“हात लावू नये, अशी पाटी आहे. वाचता येत नाही?”

“वाचता येत नाय, बाई. पण कसर दिसती.”

मी चष्मा सारखा केला. बोट जाईल एवढी छिद्रे, आणि त्यांत लोकर खाणारे किडे वळवळत होते!

“धरा की तिकडचं टोक. झटकू.”

मी धरले. तेवढ्यात संचालिका मॅडम जिना चढून आल्या आणि जागीच थबकल्या. ही कोणी काढली, असे त्यांनी विचारले. कौसाबाईंनी तोंड उघडले.

“मी सांगितले म्हणून काढली,” मी म्हणाले आणि टोक आणखी ताणून धरले.