निळ्या बॉनेटवरचा डाग

मालतीला माझं सगळं ठाऊक आहे. फ्रीजमधली बर्फी कोण संपवतं, थोरल्या भावाशी मी का बोलत नाही, झोपेत काय बरळतो — सगळं. एवढं एक मात्र मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. मग तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही आमच्या कॉलनीत राहत नाही, म्हणून असेल. तिथल्या कुणाला सांगायचं म्हणजे मला फार वरून खाली उतरावं लागेल.

कारण तिथे मी गाडीवाले नाना आहे. नाशिक रोडला सरकारी नोकरीत जन्म गेला, मोठा साहेब काही झालो नाही, पण ‘रंग बघावा तर नानांच्या गाडीचा’ हे वाक्य मी कमावलं. गर्द निळी गाडी आहे आमची. मुलगा शाळेत होता तेव्हा घेतलेली. तिच्या बरोबरीच्या गाड्या कधीच भंगारात गेल्या, उरल्यासुरल्यांच्या टपावरचा रंग पापुद्रे धरून सुटला. आणि आमची? सकाळच्या उन्हात तिच्या दारासमोर उभे राहा, बघून भांग पाडता येईल.

हे आपोआप होत नाही हो. गाडी धुवायची ती सावलीत, पत्रा गार असताना. आधी नुसतं पाणी, मग शाम्पू, मग मऊ फडक्याने टिपून कोरडी करायची. मग हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून हात पत्र्यावरून फिरवायचा — नुसत्या बोटांना न लागणारी कचकच पिशवीतून लागते. पत्रा साफ गुळगुळीत लागला की मगच वॅक्स. तेही नखभर. लोक भाकरीवर लोणी थापावं तसं थापतात! पातळ लावायचं, एका वेळी एकच भाग घ्यायचा, धुरकट झालं की स्वच्छ फडक्याने पुसायचं. मग वर थोडं पाणी टाका आणि बघत राहा. थेंब गोळा होतात आणि पळत सुटतात. मी म्हातारा माणूस, पण ते थेंब पळताना बघून मला अजूनही टाळी वाजवावीशी वाटते.

आणि एक गोष्ट मी कॉलनीतल्या जवळजवळ प्रत्येकाला समजावली आहे, तुम्हालाही सांगतो, कारण पुढे ती लागणार आहे. वॅक्स वेगळं आणि रबिंग कंपाउंड वेगळं. वॅक्स रंगावर बसतं, रंगाला धक्का लावत नाही. कंपाउंड रंगाचा वरचा थर घासून काढतं — म्हणून चमक झटपट येते आणि म्हणूनच ते धोक्याचं. जुन्या गाडीवर रंग उरलेला असतो तेवढाच असतो. कंपाउंड घासताना फडकं रंगू लागलं तर हात थांबवायचा. तो मळ नसतो, तो तुमच्या गाडीचा रंग असतो. हे मी किती वेळा, किती जणांना, किती तोऱ्यात सांगितलं आहे!

मनीषा आमची सून. तिचं माहेर मखमलाबादकडचं, झेंडूचा आणि भाजीचा मळा. मुलीने लॅब टेक्निशियनचं शिक्षण घेतलं, इंदिरानगरच्या एका लॅबमध्ये नोकरीला लागली. पण त्याआधी कॉलेजात असल्यापासून ती पहाटे फुलांचा पिकअप चालवत बाजारात न्यायची. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसली, तेव्हा मी शेजारी होतो. आमचं फाटक अरुंद आहे. मी गाडी मागे घेतो तेव्हा मालती बाहेर उभी राहून ओरडत असते, शेजारचे गॅलरीत येतात, असा तो सोहळा असतो. या पोरीने आरशात एकदा बघितलं आणि एका दमात गाडी बाहेर काढली. मी तिचं तोंडभरून कौतुक केलं. सगळ्यांसमोर म्हणालो, दसऱ्याची पूजा झाली की किल्ली तुझ्याकडे, रोज कामाला गाडीने जा. मुलगा चाकणला कंपनीत, रविवारपुरता घरी येणार. त्याला तसाही गाडीचा नाद नाही. सगळ्यांना माझं बोलणं फार आवडलं.

मग पोटात दुखलं ते कशाने? तेव्हा मी स्वतःलाही विचारलं नाही.

खंडेनवमीची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी पूजा, म्हणून मी गाडी चकाचक करत होतो. आमच्या फाटकाशी उंबर आहे, त्यावरचे पक्षी काय ते प्रसाद देतातच. बॉनेटच्या मधल्या उंचवट्यावर अशीच एक जुनी खूण राहिली होती. वॅक्सने ती लपेना. मनात आलं, आता गाडी दुसऱ्याच्या हातात जायची, उद्या तिच्यावर माझा म्हणून एकही डाग दिसता कामा नये. आणि मी कंपाउंडचा डबा उघडला.

फडकं निळं झालं. मी पाहिलं. पाहिलं हो — अंधार नव्हता, चष्मा डोळ्यांवर होता. आणखी दोन हात, म्हणजे खूण जाईल, असं म्हणत घासत राहिलो. खूण गेली. तिच्याबरोबर रंगही गेला. खालचा राखाडी प्रायमर वर आला, अंगठ्याएवढा.

तुम्ही काय केलं असतं? घरात जाऊन सांगितलं असतं ना, की अरे, माझ्याकडून चूक झाली? इतकं सोपं होतं ते. मी मुलाच्या जुन्या कपाटातून मेणखडूंची पेटी काढली. गर्द निळा मेणखडू त्या राखाडीवर घासला, बोटाने जिरवला, वर वॅक्स फिरवलं. चार पावलांवरून काही कळत नव्हतं. वर कव्हर घातलं आणि जेवायला गेलो. जेवताना मुलाने विचारलं, झाली का तुमची नवरी तयार? मी हसलो.

सकाळी मनीषाचा भाऊ मळ्यातून झेंडूच्या माळा घेऊन आला. काय फुलं होती! दव तसंच होतं त्यांच्यावर. मनीषा पूजेचं ताट घेऊन आली, कुंकवात पाणी कालवलं आणि विचारलं, "नाना, स्वस्तिक कुठं काढू?"

ती बाजूला, काचेजवळ काढायला निघाली होती. मी म्हणालो, तिथे नको, मध्ये काढ. आणि बोट ठेवून जागा दाखवली.

इथे मी दरवेळी थांबतो. स्वतःशी आठवतानाही थांबतो. मी ती जागा का दाखवली? कॉलनीतले लोक पूजेला जमतील, त्यांना दिसू नये, स्वस्तिकाखाली झाकली जाईल — एवढंच होतं मनात, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो. पण ओलं कुंकू कधीतरी पुसावं लागतं. मेणखडू त्याबरोबर निघणार, हे मला, रंगाच्या नानांना, कळत नव्हतं का?

दुसऱ्या दिवशी मनीषा स्वस्तिक पुसायला गेली. कुंकू सुकून बसलं होतं, तिने ओल्या फडक्याने जरा जोर लावला. मी गॅलरीत पेपर वाचत होतो. तिची किंकाळीच आली.

"नाना! अहो नाना, लय वाईट झालं हो!"

मी खाली गेलो. तिच्या हातातल्या फडक्यावर लाल आणि निळा, दोन्ही रंग होते. बॉनेटवर राखाडी डाग. मालती मागोमाग आली आणि माझ्याआधी बोलली, की ओलं कुंकू, त्यावर ओल्या माळा, रात्रभर तसंच ठेवलं, रंग खाणारच. मळ्यातल्या पिकअपला चालतं ते, इथे नाही. मनीषाने माझ्याकडे पाहिलं. गाडीतलं मला कळतं, म्हणून पाहिलं असणार. मी काय ते सांगेन, म्हणून.

मी डागावरून बोट फिरवलं, एक सुस्कारा सोडला आणि आत निघून गेलो. खोटं एक अक्षर बोललो नाही, हे खरं आहे. सुस्काऱ्यात सगळं आलं.

आणि किल्ली? किल्ली तिने मागितलीच नाही. मीही विषय काढला नाही. आता हेच सांगायचं होतं मला, इतका वेळ ज्याच्याभोवती फिरतो आहे ते. डाग लपवणं, भिऊन गप्प राहणं — तेवढंच असतं तर मी भित्रा ठरलो असतो. पण ती किल्ली माझ्याच खिशात राहिली, याचं मला बरं वाटलं. बरं काय, आनंद झाला. माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवणाऱ्या पोरीला गाडीपासून लांब ठेवायला मला कारण मिळालं होतं आणि ते तिनेच स्वतःच्या हाताने पुसून आणून दिलं होतं.

गाडी शेडमध्ये उभी आणि मनीषा रिक्षा बदलत इंदिरानगरला जायची. पोटुशी होती, सातवा महिना होता, तेव्हाही तशीच गेली. उन्हातून आली की आधी हात-पाय धुवायची आणि मग मला चहा करून द्यायची. मी ‘सोडायला येऊ का’ असं विचारायचो कधीमधी. ती म्हणायची, नको नाना, रस्त्यांची खोदाखोद चालू आहे, गाडीवर धूळ बसेल.

पुढच्या दसऱ्याला तिचा भाऊ माळा घेऊन आला तो दारातच थांबला. म्हणाला, "नाना, फुलं कोरड्या कापडावर पसरून मंग ओवलीत. पानी नाय राहिलं बघा एक थेंब." मळ्यातली पहाटेची कामं सोडून त्या माणसाने झेंडूची फुलं वाळवली होती, माझ्या खोट्यासाठी. मी माळ हातात घेऊन बघितली आणि ‘ठीक आहे’ म्हणालो. तेव्हापासून आमच्या गाडीला कुंकू लागतं ते फक्त चाकाला. मनीषा खाली वाकून चाकावर बोट टेकवते, बॉनेटला हात लावत नाही.

मग माझा खांदा धरला. हात वर जाईना, गिअर टाकताना कळ यायची. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. किल्ली तिच्याकडे गेली ती अशी. मी दिली, असं म्हणायला तोंड नाही. वॅक्सही तिने आपणहून हातात घेतलं. मी एकदा शिकवायला खुर्ची टाकून बसलो, तर तिला सगळं येत होतं. इतकी वर्षं खिडकीतून बघत होती म्हणे. पिशवी चढवलेला हात फिरवताना ती डोळे मिटते. दाराच्या मुठीखाली, नंबरप्लेटच्या कडेला, जिथे माझंही फडकं पोचत नसे, तिथे ती मऊ ब्रश घेऊन जाते. खरं सांगतो, माझ्या हातात गाडी कधी इतकी सुंदर दिसली नाही. मी बघत बसतो. असं काम करणारं माणूस आपल्या घरात आहे, याचा मला अभिमान वाटतो आणि वाटायचा काही अधिकार नाही, हेही कळतं. बॉनेटच्या त्या जागेशी आली की तिचा हात हलका होतो. एका बोटाने, कपाळाला गंध लावावं तसं ती तिथे वॅक्स लावते.

गेल्या महिन्यातली गोष्ट. खालच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं आहे. त्या गृहस्थांनी जुनी गाडी घेतली आहे आणि ते माझा सल्ला विचारायला आले होते. मनीषा वॅक्स करत होती, मी खुर्चीवर. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, वाहवा केली आणि बॉनेटपाशी थांबले. हे काय, एवढं सगळं जपलंत आणि इथे? असं त्यांनी विचारलं.

मनीषा हसली. "ते माझं कर्तृत्व! नवीन लग्न झालेलं, मध्यावर ओलं कुंकू काढलं आणि वर घासघासून पुसलं. दुसरे कुणी असते ना, तर घर डोक्यावर घेतलं असतं. नाना एका शब्दानं बोलले नाहीत मला. आजपर्यंत नाहीत." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. त्या गृहस्थांनी माझ्याकडे ज्या आदराने पाहिलं, तसं आजवर माझ्या गाडीकडेही कुणी पाहिलेलं नाही.

त्या क्षणी मला गमवायला काय होतं, सांगा. किल्ली तिच्याकडेच होती. खांदा गेलेला, गाडी म्हातारी, मी म्हातारा. मालती आत कणीक मळत होती, हाक मारली असती तर तीही बाहेर आली असती. दोघीही समोर, एकदाच तोंड उघडायचं होतं.

मी उघडलं.

"अहो, गाडी काय," मी म्हणालो, "माणसापेक्षा मोठी असते का?"