किल्ल्यापासून हळू

माझ्या धाकट्या चुलत दिराने भर नारळी पुनवेला माझ्या नवऱ्याच्या हातातला नारळ काढून घेतला. त्याच संध्याकाळी मी ठरवलं की याचं नाक कापायचं. घरात बोलून नव्हे, हर्णे बंदराच्या पुळणीवर, आमच्या मासळीच्या लिलावाच्या वेळेला, सगळ्या बायकांच्या देखत.

आमच्या बुरोंडीत बोटीचा नारळ समुद्राला द्यायचा मान तांडेलाचा. सुकाणू ज्याच्या हातात आणि बोट ज्याच्या शब्दावर, तो तांडेल. आमची आणि दिराची, दोन्ही घरांची मिळून एक बोट होती आणि तिचा तांडेल बारा वर्षं माझा नवरा. त्या पावसाळ्यात बोटीला नवं मशीन बसलं, बोटीचे कागद दिराच्या नावावर झाले, आणि कागदांबरोबर त्याला शिंगं फुटली. नवरा कमरेएवढ्या पाण्यात उभा, हातात सोनेरी कागदाचा नारळ. हा मागून आला, नारळ घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दादा, नव्या मशीनची बोट तुला झेपायची नाय. आता नारळ मी देतो." गाव बघत होतं. नवरा बाहेर आला आणि लुंगी पिळत माझ्या शेजारी उभा राहिला.

"जाऊ दे," म्हणाला.

"काय जाऊ दे? मान गेला, बोट गेली, आता कायकाय जाऊ देणारेस?"

तो लुंगी पिळतच राहिला. त्याचं ते न बोलणं आठवलं की माझं डोकं अजून तापतं. देवमाणूस होता हो, पण देवमाणसाशी संसार करणं सोपं नसतं. रागवायचं कामसुद्धा आपल्यालाच करावं लागतं. त्या वर्षी तो दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला. बारा वर्षांचा तांडेल दुसऱ्याची जाळी ओढत होता, आणि मी हर्णेच्या पुळणीवर टोपली घेऊन बसून दिराचा तोरा बघत होते.

त्या वर्षात माझ्याशी धड वागली ती एकच बाई, त्याच दिराची बायको. माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा तिला बांगडा साफ करता येत नव्हता, घाटावरून आलेली. मीच तिला शिकवलं. एका चुलीवर आम्ही सात वर्षं रांधलं. घरं फुटली तरी ती मागच्या दाराने यायची आणि पदराखालून वाडगा काढायची. "वयनी, सुकटीची चटणी केलेली, जास्त झाली." जास्त बिस्त काही झालेली नसायची. स्वभावाने इतकी साधी की तिची चेष्टा करायलासुद्धा मजा येत नसे. आज अमावस्या, चंद्र गोल आहे बघ, असं मी म्हटलं तर बाहेर जाऊन बघून यायची.

वर्षभरात माझ्या पाटल्या गेल्या, माहेरची मदत आली आणि आम्ही एक जुनी बोट घेतली. लाकूड चांगलं होतं, मशीन मात्र मेलेलं. आता मशीन कुठलं घालायचं, त्यावरून घरात महिनाभर वाद.

नवऱ्याला दिराच्या बोटीवर होतं तसंच नवं मशीन हवं होतं. दोन वर्षांपूर्वी निघालेलं, कंपनीची गॅरंटी, सुटे भाग दापोलीत मिळणार. हर्णेच्या मिस्त्रीने दुसरं सुचवलं होतं. हा मिस्त्री पूर्वी जहाजावर होता. मुंबईला दारूखान्यात जहाजं तोडतात, तिथे एका परदेशी जहाजातून काढलेलं मशीन पडलं होतं. वय माझ्या लग्नापेक्षा जास्त. पण त्याला टर्बो होता.

"टर्बो म्हणजे?" मी विचारलं.

"मशीनचा धूर बाहेर जातो ना, त्या धुरावरच एक पंखा फिरतो. तो मशीनच्या पोटात जास्तीची हवा कोंबतो. मग ते पळतं." मिस्त्रीने हातानेच पंखा फिरवून दाखवला.

"नव्याच्या पुढे जाईल?"

"वयनी, नवं त्याच्या धुरात न्हाईल."

झालं. माझा निकाल तिथेच लागला. नवरा म्हणत होता, जुनं ते जुनं, त्याचे नखरे फार, भर समुद्रात रुसलं तर काय करायचं? बोलणं शहाणपणाचं होतं, मला तेव्हाही कळत होतं. पण दिरासारखंच मशीन घेतलं तर आम्ही फार तर त्याच्या बरोबरीने येणार. बरोबरीत यायला मी पाटल्या मोडल्या नव्हत्या. "तुला पोट भरायचं असेल तर नवं घे," मी नवऱ्याला म्हटलं. "मला त्याला मागे टाकायचाय." तो म्हणाला, "बरं. जुनं आणू." माझ्यापुढे त्याचं कधी काही चाललं नाही.

मिस्त्रीने मशीन बसवलं आणि आम्हा दोघांना समोर बसवून एक गोष्ट बजावली. पळवून आणलं की हे मशीन लगेच बंद करायचं नाही. टर्बोचा पंखा लालबुंद तापलेला असतो आणि जोरात फिरत असतो. मशीन बंद झालं की त्याला तेल मिळत नाही, तो कोरडा फिरतो आणि जळतो. आधी दहा-पंधरा मिनिटं मशीन स्लोवर चालवायचं, थंड होऊ द्यायचं, मग बंद.

आता हर्णेला हीच तर अडचण. बोटी भरतीला जमेल तितक्या आत येतात आणि मासळी उतरवायला बैलगाड्या पाण्यात जातात. बैल मशीनच्या आवाजाला बुजतात, म्हणून मशीन बंद झाल्याशिवाय एकही गाडीवाला बोटीजवळ जात नाही. त्यामुळे सगळ्यांची रीत एकच, पुळणीपर्यंत फुल्ल मारायचं आणि खाडकन बंद. ज्याचं मशीन आधी बंद, त्याला गाडी आधी, आणि ज्याची मासळी आधी लागते त्याला दर चढा.

नवऱ्याने त्यावर आपली तोड काढली. समुद्रात मशीन फुल्ल पळवायचं आणि हर्णेसमोर पाण्यात जो किल्ला आहे त्याच्या आत आलं की एकदम स्लो करायचं. तिथून पुळणीपर्यंत डुलत डुलत यायचं. तोवर टर्बो थंड. पुळणीला लागलं की बंद. आणि इतकं हळू येऊनसुद्धा पहिला आमचाच नंबर, कारण बाकीच्या बोटी तेव्हा किल्ल्याच्या पलीकडे असायच्या.

काय सांगू ते दिवस! मी पुळणीवर कमरेला पदर खोचून उभी आणि किल्ल्याच्या आडून आमची बोट निघते आहे, सावकाश, वरातीतल्या घोड्यासारखी. मागून दिराची बोट धूर ओकत, बोंबलत येते आहे. पुळणीवरच्या बायका म्हणायच्या, "बघा गो, हिचा नवरा मुद्दाम हळू येतो. मिरवतो मेला!" मी कुणाला खोडून काढलं नाही. दिराला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणायची, "आम्हाला कसली घाई? मागून येणाऱ्यांना असते." त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या आणि मला त्या रात्री गाढ झोप लागायची. सबंध हंगामभर मी असा सूड चाखत होते. पोट भरलं, पण मन काही भरेना. मागे पडणं निराळं आणि नाक कापलं जाणं निराळं.

पुढच्या पावसाळ्यात बातमी आली. दिराने आपलं नवं मशीन काढून विकलं आणि दारूखान्यातून टर्बोवालं आणलं, आमच्याहून मोठं. मिस्त्रीशी त्याचं वाकडं होतं, म्हणून मुंबईचा कोणी आणून बसवून गेला. तो बसवणारा काही सांगून गेला नाही. आणि दादाला विचारायचं कसं? तोंड नव्हतं ना! मग त्याने बायकोला पाठवलं.

ती मागच्याच दाराने आली. मी जाळं शिवत होते. थोडा वेळ मला जाळ्याची टोकं धरून दिली आणि मग म्हणाली, "वयनी, एक विचारू? मोठे भावोजी किल्ल्यापासून इतके हळू का येतात? त्या मशीनचं काही असतं का? ह्यांनी विचारायला सांगितलंय."

मी सुई थांबवली नाही. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. नवरा घरात असता तर त्याने अंगणात येऊन, हातवारे करून सांगितलं असतं आणि वर चहा पाजला असता. पण तो नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर तो नारळ आला.

"मशीनचं काय असायचंय?" मी म्हटलं. "मिरवायला येतो हळू. लोकांनी बघावं म्हणून."

ती हसली. "भावोजी आणि मिरवणार?"

"अगो, पुरुष आहे शेवटी."

ती गेली. मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू?

हंगाम सुरू झाला. दिराचं मशीन खरंच जबरदस्त होतं. पहिले काही दिवस तो आमच्याबरोबर किल्ल्यापर्यंत यायचा, आणि आम्ही स्लो केलं की हा फुल्लमध्येच आमच्या बाजूने सुसाट पुळणीवर, खाडकन बंद. गाडी त्याला. पहिला दर त्याला. वर मला ऐकवायचा, "वयनी, तुम्ही मिरवा हं. आम्ही मासळी विकतो."

"विका, विका," मी म्हणायची. नवरा मात्र घरी येऊन काळजी करायचा. "तो तापलेलं मशीन बंद करतोय गो. जळेल त्याचं. सांगू काय?"

"तुला खलाशी बनवला त्याने. तो विचारायला आलाय का तुला?"

"नाय."

"मग?"

दर संध्याकाळी ते खाडकन बंद होणं मी कान देऊन ऐकत होते. अशा बारा-पंधरा संध्याकाळी गेल्या. मग एक दिवस आमची बोट किल्ल्याआडून निघाली ती नेहमीपेक्षाही हळू. मागे जाड दोर दिसला, आणि दोराच्या टोकाला दिराची बोट. धूर नाही, आवाज नाही. टर्बो जळून सगळं मशीन जाम झालं होतं. समुद्रात कोणी अडकला तर दोर द्यायचा, वैरी असला तरी, आणि त्याचं काही घ्यायचं नाही, ही आमची रीत. नवऱ्याने दोर दिला होता. सगळी पुळण उभी राहून बघत होती. दीर मान खाली घालून बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसला होता. ज्याला नव्या मशीनची बोट झेपत नव्हती, त्याने ह्याला ओढत आणला होता. मी हसले, अगदी पोटभर. माझ्यामागे चार बायका हसल्या. तेवढ्या वेळापुरती मी जगातली सगळ्यात सुखी बाई होते आणि ते सुख मी कोणाला परत देणार नाही.

दोघे पाण्यातून बाहेर आले. माझा नवरा, त्याला काय माहीत, सगळ्यांपुढे भावाला समजावायला लागला. "किल्ल्यापासून स्लो यायचं असतं रे, टर्बो थंड व्हायला. मी काय मिरवायला येतो? मला नाय तर हिला विचारायचं होतंस. बायकोला पाठवायचं, हिने सांगितलं असतं."

दीर गर्रकन वळला. जाऊ माझ्यापासून चार हातांवर टोपली घेऊन उभी होती.

"तुला पाठवली होती ना? मिरवायला येतात म्हणालीस ते. खरं काय सांगितलंन वयनीने?"

आता ही बोलणार. बोलू दे, मी म्हटलं मनात, होऊन जाऊ दे. मी पदर खोचला. भांडायला मी कधी भ्याले नव्हते.

जावेने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "सांगितलं होतं वयनीने," ती म्हणाली. "नीट सांगितलं होतं. मीच विसरले, आणि पुळणीवर बायका म्हणतात ते तुम्हाला सांगितलं."

त्याने सगळ्यांसमोर तिच्या कानाखाली वाजवली. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात, ते असं. टोपली पडली, बांगडे वाळूत सांडले. नवऱ्याने त्याला मागे ओढला. ती खाली बसून एकेक बांगडा वेचायला लागली. बोलायला मला तेव्हाही वेळ होता. दोन शब्द बोलले असते तर त्याचा हात माझ्याकडे वळला असता, आणि त्या हाताला मी पुरून उरले असते. मी बोलले नाही. इतक्या बायकांपुढे जिंकलेलं मला सोडवेना.

परतीच्या एसटीत ती आधीच बसली होती, खिडकीशी. गालावर बोटं उठली होती. मी मागे जाऊन बसणार होते, पण तिने हाक मारली.

"वयनी, इथे ये. एक विचारू? तू तेव्हा थट्टा केली होतीस ना? मिरवायला येतो म्हणालीस ती? मला मेलीला थट्टा कळत नाय, तुला ठाऊक हाय. ह्यांना तसं सांगितलं असतं तर पुन्हा दोन घरांत पेटलं असतं, म्हणून म्हटलं विसरले. पण थट्टाच होती ना?"

"हो गो," मी म्हटलं. "थट्टाच."

"मला वाटलंच," ती म्हणाली, आणि माझी टोपली आपल्या पायाशी ओढून घेत तिने मला बसायला जागा केली.