नसलेल्या दादाला घेऊन तिसगावला

तिसगावहून फोन आला तेव्हा मी पुण्यात घरी मेथी निवडत होतो. पलीकडून आवाज आला, "संगमनेरचे श्रीपाद ना? मी भास्कर. पत्रमित्र."

चाळीस वर्षांपूर्वी एका वर्तमानपत्रात मुलांच्या पानावर पत्रमैत्रीचं सदर असे. नाव, इयत्ता, पत्ता, छंद. छंदांत सगळे 'वाचन, पोहणे, तिकिटे जमवणे' लिहीत आणि त्यांतल्या निम्म्यांना पोहता येत नसे. त्या सदरातून भास्करची आणि माझी गाठ पडली. मी संगमनेरचा, भिक्षुकाच्या घरातला. तो पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावचा, कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. तीन वर्षं पोस्टकार्डं चालली आणि नंतर थांबली. आम्ही कधी भेटलो नाही. आता त्याच्या सुनेने हा ब्लॉग वाचला, संगमनेर आणि नाव जुळवलं, आणि मला पकडलं.

"घर बांधलंय. रविवारी वास्तुशांत आहे, तू यायचंच," भास्कर म्हणाला. "आणि मधुदादांना घेऊनच ये. त्यांच्यासाठी शाल आणलीय."

मी "बघतो" म्हणालो.

मधुदादा नावाचा माझा भाऊ कधीच नव्हता. मला तीन बहिणी, तिघीही धाकट्या. घरात मीच मोठा, आणि माझं कोणी ऐकत नसे. भास्करने दुसऱ्याच पत्रात पैलवान मामाची बढाई मारली, तेव्हा मला काहीतरी काढणं भाग होतं. मी मोठा भाऊ काढला. पुण्यात शिकून घरी आलेला, संस्कृतात पहिला आलेला. पुढे भास्कर "दादांना विचारून सांग" असं लिहू लागला, म्हणून दादाही उत्तरं देऊ लागला. हिरव्या शाईत, अक्षर डावीकडे झुकवून, प्रत्येक कार्डावर एक लांबलचक समास. आज याला फेक अकाउंट म्हणतात. आमच्याकडे त्यासाठी पंधरा पैशांचं पोस्टकार्ड पुरे.

पुण्याहून तिसगावला नगरवरून सरळ रस्ता आहे, गाडीने साडेतीन-चार तास. मी संगमनेरवरून गेलो. शंभरेक किलोमीटरचा वळसा. तुम्ही जाल तेव्हा असं करू नका, तुमच्याकडे बहुधा दादा नसेल.

शनिवार

नाशिक रस्ता आता इतका गुळगुळीत झाला आहे की चंदनापुरी घाट लागला कधी आणि संपला कधी हे फक्त कानांना कळतं. संगमनेरात लॉज बाराशे रुपयांत मिळाला. गरम पाणी सकाळी सहा ते आठ, असं भिंतीवर लिहिलेलं, आणि ते खरं निघालं.

संध्याकाळी प्रवरेच्या पुलाजवळ चहा घेतला. शेजारच्या बाकावर माझ्याच वयाचे दोघे एका मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. गोट्या, लिमलेटच्या गोळ्या, भाड्याची सायकल, मागे बासरी. तो व्हिडिओ मलाही आतापर्यंत नऊ जणांनी पाठवलाय.

"काय दिवस होते राव," एकाने डोळे पुसले.

"तुला कोण घ्यायचं गोट्यात?" दुसरा म्हणाला. "हरलास की आईला घेऊन यायचास."

"तरी पण निर्मळ होतं सगळं."

"माझ्या अकरा गोट्या अजून तुझ्याकडं आहेत."

मी चहाचे पैसे देऊन उठलो. निर्मळ या शब्दाशेजारी मला त्या दिवशी बसवत नव्हतं.

रविवार, सकाळ

सहाला निघालो. लोणी, कोल्हार, राहुरी. दोन्ही बाजूंना ऊस, आणि ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. ओव्हरटेकची घाई करू नका, पुढे आणखी एक ट्रॉली असतेच. शिंगणापूरच्या रस्त्यावर बैलाच्या रसवंत्या आहेत. लाकडी चरक, भोवती फिरणारा बैल, ग्लास वीस रुपये. तिथे बसून मी दादाला मारायचं ठरवलं.

ते सगळ्यांत सोपं होतं. 'दादा गेले रे, सहा वर्षं झाली.' भास्कर हळहळेल, शाल मी खाली मान घालून घेईन, प्रकरण मिटेल. आजारसुद्धा नक्की केला. मग लक्षात आलं की चाळीस वर्षांनी मी पुन्हा दादाचंच पुढचं पत्र लिहितोय. शिवाय माणूस शिंगणापूरच्या रस्त्यावर बसून असले बेत करत असेल, तर त्याचे ग्रह वेगळे पाहायची गरज नाही.

रसवंतीवाल्याने विचारलं, "पाव्हणं, आजून एक?"

"नको. पुढे जेवण आहे."

"मंग त्वांड असं का?"

दर्शनाला फार वेळ लागला नाही. तेलाची बाटली घ्यायची की नाही हे गाडीतून उतरण्याआधीच ठरवा, नंतर ते दुसरेच ठरवतात. मग घोडेगाव, मिरी, तिसगाव. मिरीनंतर ऊस संपतो. माळ, बाभळी, मधूनच एखादी मोसंबीची बाग, आणि पाण्याचे टँकर. तिसगावात जुनी वेस अजून उभी आहे. तिच्यापासून तीनेक किलोमीटरवर हायवेलगत भास्करचं घर. मांडव दिसला.

रविवार, दुपार

भास्कर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. त्याने मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावरून गाडीकडे पाहिलं.

"दादा?"

"सांगतो. आधी घर दाखव."

त्याने घर दाखवलं. मी टाइल्सची स्तुती केली. पत्रांत तो लिहायचा त्या घरामागच्या धबधब्याचीही चौकशी केली.

"पावसाळ्यात दोन दिवस असायचा," तो म्हणाला. "पण असायचा."

एवढ्यात पंगत बसली. पुरणपोळी, आमटी, भजी. माझ्या शेजारी एक पाट रिकामा होता, त्यावर शाल आणि नारळ. भास्कर उभा राहून पाहुण्यांना सांगू लागला, "हे संगमनेरचे श्रीपादराव. यांचे बंधू मधुदादा. मी आठवीत होतो. आईबाप ऊसतोडीला निघालेले, बाप म्हणत होता शाळा सोड, चल, बारकं पोरगं सांभाळायला कोणीतरी पाहिजे. मी दादांना लिहिलं. त्यांचं कार्ड आलं ते पोस्टमनने वेशीत मोठ्यानं वाचलं. बाप म्हणाला, एवढा शिकलेला माणूस सांगतोय, तर राहू दे याला. म्हणून मी शाळेत राहिलो. दर वर्षी वर्गात पोरांना मी हे सांगतो."

आता पुढे जाण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, "भास्कर, दादा नाहीत."

"अरे... कधी?"

"कधीच नव्हते. मीच होतो. अक्षर बदलून लिहायचो."

तो हसला. "चेष्टा करतोस."

मी मान हलवली. पंगतीत कोणीतरी भजी मागितली, त्याला दुसऱ्याने गप्प केलं. भास्कर खाली बसला. शाल त्याने उचलली, मग परत तिथेच ठेवली.

"म्हणजे माझं सगळं आयुष्य," तो सावकाश म्हणाला, "आठवीतल्या एका पोरानं ठरवलं?"

"व्हय. आनि माझं बी."

हे बोलणारी बाई माझ्यासमोर आमटीचं पातेलं घेऊन उभी होती. उन्हाने रापलेली, हातात काचेच्या बांगड्या नाहीत. भास्करची धाकटी बहीण, शांता. नवरा वारल्यापासून इथेच राहते, शेत तीच पाहते, हे भास्करने घर दाखवताना एका वाक्यात सांगितलं होतं.

"वय काय हुतं तुमचं?" तिने विचारलं.

"तेरा."

"माझं धा."

तिने माझ्या वाटीत आमटी वाढली.

"कार्डात लिव्हलं हुतं, भास्करची शाळा मोडू नये, घरच्यांनी दुसरी सोय बगावी. लई झाक वाचलं पोस्टमननं. ती दुसरी सोय मी. सा महिने फडावर पाचटाच्या कोपीत पोरगं सांभाळलं. म्होरल्या साली बी गेले. मंग हातात कोयताच आला."

"शांते, पाहुणे आहेत," भास्कर म्हणाला.

"मी कुठं भांडतीय? इचारतीय." ती परत माझ्याकडे वळली. "तुमच्याच बाजूला असायचो आमी तोडीला. संगमनेरच्या बाजारात यायचो. तुमचा पत्ता पाठ हुता मला, ह्यो भास्कर कार्ड लिवताना मोठ्यानं म्हनायचा. वाटायचं, त्या दादाला एकदा गाठावं. पर पाट्या कुठं वाचता येत हुत्या."

मी विचारलं, "गाठून काय करणार होतात, ताई?"

तिने थोडा विचार केला. खरोखरच केला.

"ते न्हवतं ठरवलं," ती म्हणाली. "पोळी घ्या, थंड व्हतीय."

मी पोळी घेतली. क्षमा मागायला तोंड उघडलं तेव्हा ती पुढच्या पानाशी गेली होती. भास्कर जेवला नाही. मी मात्र सगळं जेवलो, कारण पान टाकून उठणं हा त्या घरातला माझा आणखी एक पराक्रम झाला असता.

निघताना तिनेच मला मोसंबीची बाग दाखवली. रस्त्याकडेची दीडशे झाडं, प्रत्येकाच्या बुंध्याला चुना, ठिबकच्या नळ्या सरळ रेषेत. "टँकरनी जगवली," एवढंच म्हणाली. चार मोसंब्या माझ्या हातात दिल्या. तिथे मी म्हटलं, "ताई, चुकलं माझं."

"तवा का आत्ता?"

चाळीस वर्षांपूर्वी याचं उत्तर मला लगेच सुचलं असतं. गाडी वळवताना पाहिलं, मांडवात त्या पाटावर शाल तशीच होती.

परत

येताना करंजीचा घाट, नगर, मग पुणे. घाट छोटा आहे, पण वळणावर थांबून मागे पाहिलं तर सगळा पाथर्डीकडचा माळ दिसतो. नगरच्या बाहेर जेवायला बऱ्याच जागा आहेत. मला भूक नव्हती, त्यामुळे शिफारस करत नाही. पेट्रोल आणि टोल धरून एकूण पाच हजारांच्या आत भागलं.

घरी बायकोने विचारलं, "कसा झाला प्रवास?" मी म्हणालो, "रस्ते चांगले आहेत." तिने मोसंबी सोलली आणि गोड आहे म्हणाली.

आमच्या लहानपणी आम्हाला कोणी पाहत नव्हतं, याचं आम्ही सगळेच फार कौतुक करतो. मीही करतो. लाईक नव्हते, फोटो नव्हते. मी हिरव्या शाईत जे लिहिलं ते पोस्टाच्या पेटीत पडलं की संपलं, असं मला वाटायचं. पुढे ते कोण कोणाला वाचून दाखवतं, हे कळायची सोय नव्हती. ती नव्हती म्हणून माझं बालपण इतकं सुखात गेलं.

अकरा दिवसांनी भास्करचा फोन आला. आवाज कोरडा होता, पण फोन त्यानेच केला होता.

"एक विचारायचंय," तो म्हणाला. "दादा म्हणून नको, तू म्हणून सांग. पोरगा म्हणतोय, रस्त्याकडची मोसंबी काढून टाकू, तिथं मंगल कार्यालय बांधू. हायवे आहे, चालेल. काय करू?"

उत्तर जिभेवर तयार होतं, समासासकट. मी ते गिळलं.

"शांताताईंना विचारलंस?"

"नाही," तो म्हणाला. "तिला नाही विचारलं."

"आत्ता कुठे आहेत त्या?"

"बागेतच. पाणी देतीय."

त्याने फोन बंद केला नाही. चपलांचा आवाज आला, मग त्याची हाक, "शांते! ए शांते! त्या मोसंबीचं काय करायचं गं?"

लांबून तिचा आवाज आला. "वरडू नगं तिकडून. हितं ये, बस, मंग सांगते."

मी फोन ठेवला.