कोहळा, कुंकू आणि डाळिंबाची साल

हॉटेलचं खरं नाटक तळघरात चालतं. वर झुंबरं, मोगऱ्याचे हार, हसतमुख स्वागत. आणि खाली, धुलाईखान्याच्या मागच्या लांबट खोलीत, एका पायमशीनवर सोयराबाई. म्हैसूरला आलेल्या पाहुण्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही, पण ज्या चादरीवर ते गाढ झोपले ती त्यांच्या हाताखालून गेलेली होती.

बाई भावसार. सासर शिंप्यांचं, माहेर रंगाऱ्यांचं. नवरा नरहरी सरस्वतीपुरमच्या कोपऱ्यावर दुकान चालवायचा. तो गेल्यावर दुकानातलं मशीन रिक्षात घालून सोयराबाई इथे आल्या, आणि दोघींनी मिळून नोकरी धरली, बाईंनी आणि मशीननं.

चादर नेहमी मधोमध विरते, कडा धडधाकट राहतात. सोयराबाई ती उभी चिरायच्या, धडधाकट कडा मधोमध आणून जोडायच्या, की चादर पुन्हा उभी राहायची. तीही थकली की तिचे उशीचे अभ्रे व्हायचे, मग हातपुसणी, मग फडकी. बाईंच्या खोलीतून कचरा म्हणून काही बाहेर पडलेलं कुणाला आठवत नाही.

खोल्यांची व्यवस्था चैत्राकडे होती. ती सोयराबाईंच्याच समाजातली, त्यांना आत्या म्हणायची. मळके कपडे ठेवायला प्रत्येक खोलीत प्लास्टिकची पिशवी असते, ती एकदा वापरून फेकली जाते. त्याऐवजी जुन्या चादरींच्या पिशव्या शिवू, असं तिनं सुचवलं. मॅनेजर व्यासराज कुरकुरत तयार झाले, पण अट घातली. दसऱ्यासाठी मोठी मंडळी येणार होती, नवमीच्या संध्याकाळी. त्यांच्या खोल्यांत हॉटेलला शोभेल अशी पिशवी दिसली तर ठीक. नाहीतर प्लास्टिक परत येईल आणि शिवणखोलीचं खोक्यांचं कोठार होईल. सोयराबाईंनी एवढंच विचारलं, मशीन कुठे जाईल.

पिशव्या वेळेआधी तयार झाल्या. पांढऱ्याशुभ्र, नाडी ओवलेल्या.

मग उजाडली नवमी. आपली खंडेनवमी, इथली आयुधपूजा. त्या दिवशी कात्री, सुई, मशीन सगळं देवापुढे झोपतं आणि दसऱ्याच्या सकाळीच उठतं. सोयराबाईंनी मशीनला झेंडू वाहिला. आणि त्यांच्या सासरची रीत अशी, की पूजेच्या वेळी शिवून झालेलं काम मशीनच्या पायाशी ठेवायचं, लेकरू आईजवळ ठेवावं तसं. त्यांनी साऱ्या पिशव्या तिथे रचल्या.

इकडे म्हैसूरची रीत दुसरी. कोहळ्याला भोक पाडून आत कुंकू भरायचं आणि दृष्ट काढून तो यंत्रापुढे फोडायचा. धुलाईखान्यातल्या दिगंबरनं तो मोठ्या भक्तीनं, खांद्याच्या वरून आपटला.

दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर होत्या. एका खोलीत मावल्या नाहीत, इतकंच.

लाल शिंतोडे पिशव्यांवर उडाले, वरच्यांवर आणि कडेच्यांवरही. दिगंबरनं एक उचलून साबणात बुडवली. घरी केलेलं हळदीचं कुंकू ते, साबण लागताच आणखी लाल होऊन पसरलं. दिगंबर म्हणाला, अय्यो.

नवीन शिवायचं तर जुन्या चादरींचा ढीग होता, पण मशीन झोपलेलं. चैत्रा हळूच म्हणाली, "आत्या, आजच्या दिवस मशीन चालवलं तर विठ्ठल रागावेल होय?"

"विठ्ठल कशाला रागावतो? मशीन रागावेल की गं."

आणि त्या पायरीवर बसून राहिल्या. समोरून स्वयंपाकघराचा कचरा चालला होता. रस काढलेल्या डाळिंबांच्या सालींची बादली दारातून गेली, आणि तिचा तुरट वास आत आला.

त्या वासासरशी सोयराबाईंपुढे वडिलांचं परसू उभं राहिलं. चुलीवर तांब्याचं भांडं, त्यात रटरटणारी साल, तुरटीचा खडा, आणि काठी धरलेली परकरातली सोयरा. रंग वडील करायचे. तिनं फक्त काठी धरली होती. आता पडदा वर गेला होता आणि रंगमंचावर उभं राहायला दुसरं कुणी नव्हतं.

"दिगंबरा," त्या उठल्या, "ती बादली आण परत. आणि वर केस कापतात ना, त्यांच्याकडून तुरटी."

साल उकळली, गाळली. तुरटीच्या पाण्यात त्यांनी पहिली पिशवी सोडली. पाण्यात लाल ठिपका केशरी झाला. मग पिवळा. तिथून ती सालीच्या काढ्यात गेली, आणि हळूहळू सगळं कापडच त्या ठिपक्याच्या रंगाचं होत गेलं, जुन्या मधासारखं, पिकल्या भातासारखं. ठिपका कुठे होता ते शोधूनही सापडेना.

सोयराबाई पाहत राहिल्या. हा रंग वडिलांबरोबर गेला असं त्या जन्मभर समजत आल्या होत्या. आणि तो इथे, फेकायला निघालेल्या बादलीत, रोज त्यांच्या दारावरून जात होता.

मग तळघर कामाला लागलं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत पिशव्या धुतल्या, गच्चीवर वाळत घातल्या. ऊन होतं, वारा होता, मागे चामुंडीचा डोंगर. साऱ्या दोऱ्यांवर ते सोनेरी कापड हलू लागलं तेव्हा समोरच्या इमारतीतली माणसंही खिडकीत येऊन उभी राहिली.

व्यासराज वर आले ते पांढऱ्या पिशव्यांची चौकशी करायला. दोऱ्यांमधून शेवटपर्यंत चालत गेले, परत आले. एका पिशवीला दोन बोटं लावून त्यांनी विचारलं, ही कुठून मागवली.

"आपल्याच कचऱ्यातून, सर," चैत्रा म्हणाली.

संध्याकाळी मंडळी आली, पिशव्या खोल्यांत गेल्या. खाली काही निरोप आला नाही. सोयराबाई मशीनवर हात ठेवून घरी गेल्या.

दसऱ्याच्या सकाळी त्या आल्या तेव्हा शिवणखोलीच्या दारात दोन बादल्या उभ्या होत्या, काठोकाठ डाळिंबाच्या साली. दिगंबर म्हणाला, व्यासराजसरांनी स्वयंपाकघराला सांगितलंय, ही साल आता रोज इथेच यायची.

सोयराबाईंनी मशीनवरचा झेंडू उतरवला. चाकाला हात लावण्याआधी तळवा उघडून पाहिला. वडिलांचा असायचा तसाच, पिवळा.